कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर येईनात : तुमचे अनुभव सांगा

काल रात्री दोन तास गेले. कॅमेरा जोडला की त्याचा दिवा लागायचा, चार्जिंग सुरू व्हायचं, पण संगणकावर काहीच उमटेना. ड्रायव्हर (कॅमेरा ओळखणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला, तीनदा रीस्टार्ट केलं. शेवटी केबल बदलली आणि क्षणात कॅमेरा दिसला. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. माझी केबल नुसती चार्जिंगची निघाली, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. दिसायला दोन्ही केबली सारख्याच, म्हणून चांगल्या केबलला आता लाल दोरा बांधलाय.

तुम्हाला काय अडलं, कसं सुटलं ते लिहा. स्क्रीनवर काय दिसत होतं तेही सांगा, म्हणजे दुसऱ्याला आपली अडचण ओळखता येईल.

*

मी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्येच घालते. एकदा ६४ जीबीचं नवं कार्ड जुन्या रीडरमध्ये घातलं तर 'डिस्क फॉरमॅट करायची का?', म्हणजे पुसून कोरी करायची का, असं विचारलं गेलं. बोट माऊसवर होतं, पण दाबलं नाही. कार्ड कॅमेऱ्यात परत घातलं, तिथे सगळे फोटो व्यवस्थित दिसले. म्हणजे कार्ड ठीक, रीडर जुना. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यापुढची एसडीएक्ससी, आणि ती एक्सफॅट नावाच्या फाइल साठवायच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. जुन्या रीडरला किंवा जुन्या सिस्टिमला ती वाचता येतीलच असं नाही. त्या खिडकीत कधीही 'हो' म्हणू नका.

*

माझ्या बाबतीत फोटो आले, आणि आल्यावर गेले.

बाबांसोबतच्या शेवटच्या सहलीचे फोटो दोन कार्डांवर होते. कॅमेऱ्यात फाइलचे आकडे प्रत्येक कार्डाला नव्याने सुरू होण्याचं सेटिंग होतं, त्यामुळे दोन्हीकडे ०००१ पासून सुरुवात. पहिलं कार्ड कॉपी केलं आणि कॅमेऱ्यात फॉरमॅट करून टाकलं. दुसरं त्याच फोल्डरमध्ये ओढलं, त्याच नावांच्या फाइल आधीच आहेत, काय करू असं संगणकाने विचारलं, मी घाईत 'सगळे बदला' दाबलं. रात्री फोल्डर उघडला तर बाबा बोटीत बसलेले फोटो कुठेच नाहीत.

पहिल्या कार्डावर फॉरमॅटनंतर एकही फोटो काढला नव्हता, तेवढ्याने वाचलो. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, मूळ फोटो त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच राहतात. फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने कार्ड तपासायला घेतलं. मिळालेले फोटो कार्डावर न ठेवता संगणकाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये साठवले. जुनी नावं गेली होती, पण फोटोंच्या आत तारीख-वेळ शिल्लक होती, त्यावरून क्रम लावला. सात फोटो अर्धे करडे निघाले. बोटीतला मात्र पूर्ण आला.

आता दर वेळी तारखेचा नवा फोल्डर करतो, आकड्यांचं सेटिंग सलग ठेवलंय, आणि कॉपीतले दहाबारा फोटो मोठे करून पाहिल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही. कॉपीऐवजी 'कट' करून हलवणं तर कधीच नाही.

*

वरचं वाचून आधी माझी दोन्ही कार्डं तपासली.

माझी भर छोटी आहे. लिनक्सवर जीफोटो२ हा कॅमेऱ्यातले फोटो उतरवायचा प्रोग्रॅम वापरताना 'यूएसबी डिव्हाइस ताब्यात घेता आलं नाही' असा एरर यायचा. फाइल मॅनेजरने कॅमेरा आधीच माउंट केलेला, म्हणजे स्वतःकडे जोडून घेतलेला असायचा. तिथून अनमाउंट केला की चालू.

*

कॉपी मध्येच तुटत असेल तर बॅटरी बघा. माझा कॅमेरा काही मिनिटांनी आपोआप झोपायचा. ऑटो पॉवर ऑफ बंद केलं, पूर्ण चार्ज केला आणि हबऐवजी थेट संगणकाच्या पोर्टला लावला, मग अडचण आली नाही.

*

कार्डाच्या कडेची बारीक पट्टी खाली सरकली असेल तर फोटो वाचता येतात, पुसता येत नाहीत. रीडरमध्ये घालताना ती नकळत सरकते. मी उलट कॉपी करताना ती मुद्दाम खालीच ठेवते.

*

एक विचारायचंय. लांब व्हिडिओ कार्डावर दोन तुकड्यांत दिसतोय, पहिला बरोबर ४ जीबीचा. फाइल बिघडली का?

*

नाही, बिघडलेली नाही. फॅट३२ या फाइल साठवायच्या जुन्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, म्हणून कॅमेरा पुढचा भाग नव्या फाइलमध्ये टाकतो. दोन्ही तुकडे एकाच फोल्डरमध्ये घ्या, आणि दुसरा शेवटपर्यंत चालवून बघितल्यावर इथे कळवा.