लघवी तपासून पोरगं गांजापासून लांब राहतं का?

सहकारनगरची आत्या: काल एका बाबांनी इथे लिहिलं की मुलगा अकरावीत गेला की दर रविवारी घरी किटवर लघवी तपासायची, सॅक उपडी करायची, मोबाईल काढून घ्यायचा. वाचून झोप लागली नाही. माझ्या भाच्याची सॅक रोज तपासायचे, तर तो गांजा गुंडाळायचा कागद आणि माल मित्राकडे ठेवायचा, डोळ्यांत ड्रॉप टाकून घरी यायचा, दीड वर्ष घरात कुणाला पत्ता नाही. शेवटी मला सांगितलं, कारण मी आरडाओरडा करणार नाही याची त्याला खात्री होती.

नाशिकचा बाबा: ते लिहिणारा मीच. तुमचा भाचा आहे, माझा मुलगा आहे, फरक आहे ताई. खिशात रोलिंग पेपर सापडले, तर म्हणे मित्राचे. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावरच कबूल झाला. नुसता गप्पा मारत बसलो असतो तर?

तिसरा मजला: आधी बापांनी शनिवारी ‘बसणं’ बंद करावं. आमच्याकडे पोरंच बर्फ आणून द्यायची, चखणा मांडायची, आणि त्याच पोरांना नशेवर भाषण! मी बारा वर्षांचा असल्यापासून बघितलंय हे.

नाशिकचा बाबा: दारूचा इथे काय संबंध? गांजा 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे, पोराचं करिअर जातं.

तिसरा मजला: संबंध नाही? मुलगा तुमचा ग्लास बघतो, कायद्याचं पुस्तक नाही. आणि कायदाच काढताय तर शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत सिगारेट विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आमच्या कॉलेजच्या गेटला टपरी चिकटलेली आहे, कागद तिथेच मिळतात, त्यावर बोला ना!

वहिनी, सातारा: टपरीवाल्यावर सगळं ढकलू नका, माझ्या दिराला पहिला झुरका सख्ख्या चुलतभावाने दिला, लग्नघरात.

सहकारनगरची आत्या: बाबा, टेस्टचंच बोलते. रोज ओढणाऱ्याने सोडला तरी कित्येक दिवस, कधी महिनाभरसुद्धा पॉझिटिव्ह येतं. म्हणजे पोरगं खरं बोलत असतं आणि तुम्ही त्याला खोटारडा ठरवता.

नाशिकचा बाबा: …हे मला किट विकणाऱ्याने सांगितलं नाही. दुसऱ्या रविवारी तो रडत म्हणाला होता, बाबा मी नाही ओढला. मी मारलं त्याला.

वहिनी, सातारा: अहो मग आता त्याच्याशी बोला. पोलिसांच्या भीतीने आम्ही दिराला दोन वर्षं कुठेच नेलं नाही, ती आमची चूक. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, शिवाय 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो, आधी तुम्ही एकटेच बोला.

नाशिकचा बाबा: किट बंद करतो. सॅक मात्र बघणार, त्यात मी चुकतोय असं मला अजूनही वाटत नाही.

सहकारनगरची आत्या: बघा. पण त्याच्यासमोर बघा, आणि त्याआधी मारल्याची माफी मागा.