६१ कुत्री, २४ पिंजरे आणि तिसऱ्यांदा परत आलेला अर्ज

शेपूटवाली

मंडळी, आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठी केलेल्या अनुदानाच्या अर्जाला तिसऱ्यांदा नकार आला. या खेपेला निदान एका ओळीचं कारण तरी दिलंय: "गरज समजली, परिणाम समजला नाही." ही ओळ परवापासून मी दहा वेळा तरी वाचली असेल.

आमचा निवारा लहान. पिंजरे २४, आज सकाळच्या मोजणीत कुत्री ६१. मांजरं वेगळ्या खोलीत असतात, ती यात धरलेली नाहीत. गेल्या वर्षभरात ३०४ कुत्री आत आली. एकेका पिंजऱ्यात दोघं-तिघं, म्हणून भांडणं, भांडणातून जखमा, आणि एकाला खरूज लागली की आठवड्यात सगळी ओळ खाजवायला लागते. पगारी माणसं दोन, दोघांचे मिळून रोजचे ९ तास. बाकी आम्ही चार-पाच जणी जमेल तसं बघतो. डॉक्टर दर बुधवारी येतात, ४-५ नसबंदी करून जातात.

अर्जात मागितलं होतं ते असं: २० नवे पिंजरे, त्यावर छप्पर आणि औषधांसाठी काही रक्कम. सोबत १४ फोटो. पहिल्याच पानावर राणी. राणी म्हणजे आमची तीन पायांची. आणली तेव्हा पायात तार रुतून हाडाला लागली होती, तेव्हाचा फोटो आहे. तो बघून धडधाकट माणसं खोलीबाहेर जाऊन उभी राहतात. मला वाटलं, यापुढे वेगळं काय सांगायचं?

तर या लोकांना "परिणाम" म्हणजे नक्की काय हवं असतं? जीव वाचतात हा परिणाम नाही का? आणखी एक निधी शोधलाय, मुदत ५ आठवड्यांनी संपते. त्यांची अट अशी की आधी तुम्ही खर्च करा, बिलं दाखवा, मग आम्ही पैसे देऊ. असल्या फंदात पडावं का? आणि पगारासाठी पैसे मागितलेले चालतात, की ते बघूनच अर्ज बाजूला ठेवतात?

मांजरपाट

आम्ही अर्ज लिहून देणारा व्यावसायिक माणूस धरला होता. अर्ज इतका झकास झाला की आमचा निवारा मलाच ओळखू येईना. पैसेही मिळाले. मग सहा महिन्यांनी पाहणीला दोघं आले आणि म्हणाले, तुमची "वर्तन-सुधार शाखा" दाखवा. ती शाखा म्हणजे मी आणि एक चेंडू.

जुनी_खोड

मांजरपाट, शाखेतला चेंडू तरी शिल्लक आहे का? :)

शेपूटवालीताई, मी ११ वर्षं एका निवाऱ्याची वही सांभाळली. पुढे दोन वर्षं एका छोट्या निधीसाठी दुसऱ्यांचे अर्ज वाचले. एका बैठकीला ४० अर्ज असायचे आणि त्यातल्या तिसांच्या पहिल्या पानावर एक राणी असायची. मी रडलेय ते फोटो बघून, खोटं कशाला सांगू. पण तीस राण्यांत डावं-उजवं करायचं कसं? मग वाचणारा पान उलटतो आणि आकडे शोधतो, तर तिथे लिहिलेलं असतं "असंख्य मुक्या जीवांना जीवदान". संपलं.

तुम्ही आकडे दिलेत, फक्त ते मांडले नाहीत. मी मांडते. ३०४ भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सरासरी ०.८३ कुत्रा आत येतो. आत कायम ६१च्या आसपास असतील, तर ६१ भागिले ०.८३, साधारण ७३. तुमच्याकडे आलेला कुत्रा सरासरी ७३ दिवस मुक्काम करतो. आतली संख्या म्हणजे रोजची आवक गुणिले मुक्काम, बस. तोच मुक्काम ५० दिवसांवर आणा. आवक तेवढीच राहिली तरी आत ४२ कुत्री राहतील. १९ कमी. आणि तुम्ही पिंजरे किती मागितलेत? २०.

उलट बाजूने बघा. २० पिंजरे मिळाले आणि मुक्काम ७३च राहिला. पहिले सहा महिने भांडणं कमी होतील, मान्य आहे. पण जागा आहे असं कळलं की लोक आणून सोडतात, आणि आपणही "अजून एक मावेल" म्हणतोच. मी स्वतः म्हटलंय, रात्री साडेअकराला, दारात खोकं ठेवून गेलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत. अर्ज वाचणाऱ्याने अशी चार बांधकामं भरून वाहताना पाहिलेली असतात. "परिणाम समजला नाही" याचा अर्थ तो.

तेव्हा मुक्काम नेमका कुठे अडतो ते शोधा, आणि ती गाठ सोडवायला पैसे मागा. त्यासाठी आवक-जावक वही काढावी लागेल. आमची काढली तेव्हा काय निघालं सांगते. "तांबडा, मध्यम, नर" असा कुत्रा वर्षात ४ वेळा आलेला. चार कुत्रे नव्हते ते, एकच होता. दत्तक गेला, परत आला, पळाला, परत आला, आणि दर खेपेला ड्युटीवरच्या माणसाने त्याला नवा नंबर दिला. जावकीचा रकाना तर निम्मा कोरा. घरी गेला, मेला की भिंतीवरून उडी मारली, वहीला पत्ता नाही. तीन रात्री मी फोनमधले फोटो आणि वही घेऊन बसले होते. शेपटीचं पांढरं टोक, कानाचा काप, नाकावरचा ओरखडा, असं एकेक जुळवत. त्या वर्षी आमची आवक कागदावर बरीच खाली आली, आणि काही जणांना ते आवडलं नाही. मोठा आकडा सांगायला बरा वाटतो ना.

हा गोंधळ फक्त आपलाच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या निवाऱ्यांचे लोक २००४ साली कॅलिफोर्नियात आसिलोमार इथे यासाठीच बसले होते. एकाच्या वहीतला "दत्तक देण्याजोगा" दुसऱ्याच्या वहीत "असाध्य" असायचा, तुलना करणार कशी? तिथे आकडे मांडायचा सामाईक तक्ता ठरला. डेव्ह आणि शेरिल डफिल्ड या जोडप्याने आपल्या मॅडी नावाच्या श्नाउझर कुत्रीच्या नावाने मॅडीज फंड चालवला. तोही मोठी अनुदानं देताना आकडे असेच मांडून मागायचा. लाडक्या कुत्रीच्या नावाचा निधी आहे, तिथे तरी फोटोवर भागेल असं वाटतं. नाही भागत.

पगार जरूर मागा. निवाऱ्यांसाठी तिकडे एक जुना ठोकताळा आहे: एका प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटं, ९ साफसफाईला आणि ६ खाण्यापाण्याला. ६१ गुणिले १५ मिनिटं, म्हणजे सव्वापंधरा तास. तुमच्याकडे ९ आहेत. "कर्मचारी अपुरे" असं लिहू नका, हे गणितच लिहा. काही निधी पगार देत नाहीत, तसं त्यांच्या अटींत स्पष्ट असतं. नसेल तर फोन करून विचारा.

"आधी खर्च करा" या प्रकाराबद्दल: तुमच्या गाठीला तीन-चार महिने तग धरण्याइतकी शिल्लक नसेल तर हात लावू नका. आम्ही लावला. प्रत्येक बिल संस्थेच्या नावावर हवं होतं, आणि आमची निम्मी औषधं धावपळीत कुणी ना कुणी स्वतःच्या नावावर आणलेली. सगळी बाद. पहिला हप्ता आगाऊ मिळेल का, एवढं विचारून बघा. विचारलं म्हणून कोणी अर्ज फाडत नाही.

आणि कोणी देतंय म्हणून घेऊ नका. आम्हाला एका दात्याने सोनोग्राफीचं मशीन दिलं. चालवणारं कोणी नव्हतं. दीड वर्ष ते चादरीखाली होतं, शेवटी त्या चादरीवर मांजर व्याली. वार्षिक अहवालात "यंत्राचा वापर" या रकान्यात काय भरायचं यावर आमची रीतसर बैठक झाली होती.

टाके_घालणारा

मी पशुवैद्य आहे, असाच एक बुधवारवाला. खोडताईंनी गाठ शोधा म्हटलंय, मला ती इथूनच दिसतेय. ३०४ भागिले ५२, आठवड्याला सहाच्या आसपास कुत्री आत. नसबंदी ४-५. आलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, काही आधीच झालेले असतात, काहींचे मालक येऊन घेऊन जातात. पण एखादा बुधवार पावसाने नाहीतर माझ्यासारख्याच्या तापाने बुडाला की रांग लागते, आणि लागलेली रांग या वेगाने कधीच सरत नाही. नसबंदी झाल्याशिवाय तुम्ही दत्तक देत नसाल (देऊही नका), तर तुमच्या मुक्कामातले बरेच दिवस निव्वळ बुधवारची वाट बघण्यात जात असणार.

"औषधांसाठी काही रक्कम" यातला "काही" आधी काढा. पिल्लांच्या लशींचंच बघा. निवाऱ्यातल्या पिल्लाला आल्या दिवशी लस, मग ते २० आठवड्यांचं होईपर्यंत दर २ आठवड्यांनी. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कधी ओसरेल हे सांगता येत नाही, आणि ती अंगात असेपर्यंत लस लागू पडत नाही, म्हणून हा खटाटोप. ६ आठवड्यांचं पिल्लू आलं आणि शेवटपर्यंत तुमच्याकडेच राहिलं, तर ८ डोस. बहुतेक अर्जांत एका पिल्लाला १ नाहीतर २ धरलेले असतात, मग मार्चपर्यंत पेटी रिकामी. तेच पिल्लू १० आठवड्यांचं असताना घरी गेलं तर तुमच्या खात्यावर ३. मुक्काम कमी केल्याने काय वाचतं हे दाखवायला याहून सोपं उदाहरण नाही.

छपराआधी जमीन बघा. पार्वोचा (पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन मारणारा रोग) विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. हाताला लावायच्या अल्कोहोलला तो दाद देत नाही. ब्लीच चालतं, पण आधी घाण पूर्ण धुतलेली हवी आणि जमीन गुळगुळीत हवी, मातीवर ओतून उपयोग शून्य. नव्याने येणाऱ्यांसाठी ४ वेगळे, धुता येणारे पिंजरे मागितलेत, तर वीसपेक्षा मला ते पटतील.

शेपूटवाली

खरं सांगते, खोडताई, तुमचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. चार दिवस इथे फिरकलेच नाही. पण वही काढली.

आमच्याकडे "काळी, पांढरे मोजे" तीन वेळा निघाली. बाकी तुमच्याइतकं वाईट नाही. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी २१२ जणांच्या दोन्ही तारखा सापडल्या. त्या ओळीने लावल्या तर बरोबर मधला आकडा ३४ दिवस आला. ७३ नाही! मग कळलं की आत ११ जण वर्षाहून जास्त काळ राहिलेले आहेत, ते सरासरी फुगवतात. डॉक्टर, तुमचं बुधवारचं पण खरं निघालं. ३४ पैकी १९ दिवस नसबंदीच्या प्रतीक्षेत. मी स्वतः त्या पिंजऱ्यांसमोरून रोज जाते आणि मला हे कधी दिसलं नाही.

तर आता अर्जात असं लिहितेय: बुधवारच्या जोडीला शनिवारी दुसरा शस्त्रक्रियेचा दिवस, वर्षभर. शस्त्रक्रियेनंतर ठेवायला ६ पिंजरे, नव्यांसाठी ४. एका माणसाचा पूर्णवेळ पगार. प्रतीक्षा १९ दिवसांवरून ७ वर आणू, दर तिमाहीला वहीची प्रत देऊ. आधी-खर्चवाल्यांना फोन केला, ते ४० टक्के आगाऊ द्यायला तयार आहेत. नुसतं विचारायचं होतं!

पण त्या ११ जणांचं काय करू? म्हातारे, आंधळा एक, चावरे दोन. राणी त्यांच्यातलीच, तिला ४१२ दिवस झाले. ते मुक्काम कमी करणाऱ्यांतले नाहीत. अर्जात त्यांना गाळायचं का?

जुनी_खोड

गाळू नका. वाचणारा तुमच्याकडे येईल तेव्हा ते अकरा त्याला दिसणारच आहेत. वेगळी ओळ करा: "दीर्घ मुक्कामी ११, यांच्या खर्चासाठी या अनुदानातून काही मागत नाही, तो देणग्यांतून भागवतो." मग लोकांकडून देणग्या मागताना राणीला पुढे करा. तिथे ती हवीच. अर्जातही मधला आकडाच द्या, सरासरी नको, आणि का तेही एका वाक्यात लिहा. २१२ म्हणजे सगळे नव्हेत, तेही लिहून टाका. उरलेल्यांच्या तारखा का नाहीत हे विचारणारच.

१९ वरून ७ मात्र छातीठोक लिहू नका. डॉक्टरांचा शनिवार पहिले दोन महिने चुकेल. १० लिहा.

टाके_घालणारा

शनिवार चुकणार हे लेखी दिल्याबद्दल आभारी आहे.

मांजरपाट

आणि राणीचा फोटो?

जुनी_खोड

तारेचा नको. आताचा, शेवटच्या पानावर, लहानसा. पळतानाचा असेल तर बरं.

शेपूटवाली

पळत नाही हो ती. फाटकाशी बसते आणि येणाऱ्या प्रत्येकावर भुंकते.

जुनी_खोड

मग तोच टाका.