कॉन्झर्व्हेशन आणि प्रिझर्व्हेशन एकाच वाक्यात आले तर?

अर्धविराम: हेच हेची खोऱ्यावरचा लेख मराठीत आणतोय. खोरं अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातलं. १९०६च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी तिथे धरणाचा आग्रह वाढला. निसर्गलेखक जॉन म्यूर विरोधात, अमेरिकी वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो धरणाच्या बाजूने. म्यूर प्रिझर्व्हेशनवाले, पिंशो कॉन्झर्व्हेशनवाले. माझा खर्डा: 'संवर्धनवाद्यांचा संवर्धनवाद्यांना कडाडून विरोध.' बायको म्हणाली, पक्ष फुटला का? शब्द सुचवा.

टोकदार पेन्सिल: पशुसंवर्धन, मत्स्यसंवर्धन आठवा. वाढवायचं ते दूध, अंडी, मासळी पदरात पडावी म्हणूनच ना? पिंशोचंही तेच: झाडं तोडा, पण पुढच्यांना उरतील अशी. तेव्हा पिंशोचं संवर्धन, म्यूरचं जतन. विषय संपला.

जुनी वही: कसला संपतोय! जतन आलं 'यत्न'वरून, म्हणजे खटपट आलीच. म्यूर तर म्हणतोय हात लावू नका. शिवाय जतन म्हटलं की मला आईचा शालू दिसतो: डांबरगोळ्या, वर्षातून एकदा ऊन. खोऱ्याची घडी कशी घालणार?

रानपाखरू: गंमत ऐका. चळवळीला नाव शोधताना ब्रिटिश हिंदुस्थानातल्या 'कॉन्झर्व्हेटर' हुद्द्याची आठवण निघाली, असं पिंशोनेच लिहून ठेवलंय. त्याचे गुरू डिट्रिख ब्रँडिस १८६४पासून इथले पहिले वन महानिरीक्षक. आता त्या हुद्द्याला मराठीत काय म्हणतात? वनसंरक्षक! मग पिंशो संरक्षणवाला झाला की.

टोकदार पेन्सिल: संरक्षण १९७२च्या वन्यजीव कायद्याने अडवलंय, तिथे मूळ शब्द प्रोटेक्शन. आणि १९८०च्या वन कायद्यात होतं नुसतं कॉन्झर्व्हेशन, त्याचं २०२३मध्ये 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' केलं. दोन्ही घालून मोकळे.

जुनी वही: म्हणून म्हणते, हे जडजंबाळ सोडा. 'राखणे' काय वाईट आहे?

रानपाखरू: राखीव जंगल? १८७८च्या कायद्याने राखलं ते सरकारी लाकडासाठी. आमच्या आजीच्या लेखी 'राखीव' म्हणजे मोळी आणायला गेलं की कोयता जप्त होतो ती जागा. अर्थात म्यूरचं 'अस्पर्श' योसेमिटीही रिकामं नव्हतंच. तिथल्या अहवानीची लोकांना १८५१मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून हुसकावलं होतं.

खोडकर मुंगी: विल्डरनेसला, म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या मुलखाला, काय लिहिताय पण? रान म्हणू नका. आमच्याकडे 'बाबा रानात गेलेत' म्हणजे ज्वारीला पाणी द्यायला गेलेत.

जुनी वही: रान हे 'अरण्य'चंच रूप आहे. शेताला रान म्हणणं ही बोलीतली सैल सवय.

खोडकर मुंगी: सैल? काल तोडलेलं आणि उद्या तोडायचं, दोन्हीला एकच शब्द ठेवणारी माणसं तुमच्या कोशापेक्षा हुशार होती.

टोकदार पेन्सिल: मग 'जंगल' लिहा.

जुनी वही: संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख! घनदाट अर्थ मागाहून चिकटला.

अर्धविराम: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. डिसेंबर १९१३मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनने धरणाच्या कायद्यावर सही केली, इथे माझं अजून पहिलंच वाक्य अडलंय. तूर्त 'म्यूरवाले' आणि 'पिंशोवाले' लिहून पाठवतो.

टोकदार पेन्सिल: ही पळवाट झाली.

खोडकर मुंगी: जुनी वही, ते जांगल कोणत्या कोशात आहे? पान सांगा.