गरम पाण्याचा प्रेशर वॉशर: बार मोजून यंत्र घेणाऱ्यांना उत्तर

काळी माती (धागाकर्ता)

शेतीसाठी गरम पाण्याचा प्रेशर वॉशर कसा निवडावा, याविषयीचे एक लिखाण नुकतेच वाचनात आले. त्याचा सारांश असा, की ज्या यंत्राचे बार, म्हणजे पाण्याचा दाब, जास्त ते यंत्र चांगले, आतून सगळी यंत्रे सारखीच असतात, आणि पाणी 90 अंशांचे मिळाले की जंतुनाशक वेगळे मारावे लागत नाही. तिन्ही विधाने इतक्या ठामपणे केलेली आहेत की गप्प बसवेना.

आधी बारविषयी. मोटर तीच असेल तर दाब आणि पाणी यांचा गुणाकार तोच राहतो. मिनिटाला 10 लिटर पाणी 150 बारने फेकायला अडीच किलोवॅट शक्ती लागते. तेवढ्याच शक्तीत 250 बार हवे असतील तर पाणी 6 लिटरवर येते. मडगार्डखाली वाळलेला चिखल दाबाने सुटतो हे खरे, पण सुटलेला चिखल वाहून न्यायला पाणीच लागते, आणि ते कमी पडले की इथला चिखल तिथे जाऊन बसतो. शिवाय तो बारीक झोत बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत घालतो, रेडिएटरच्या पात्या वाकवतो आणि टायरच्या बाजूवर जवळून धरला तर रबर कापतो. हाताला लागला तर त्वचेतून आत शिरतो. वरून दिसते ते बारीक छिद्र, आतली इजा मात्र शस्त्रक्रियेची असते.

आतून सगळी यंत्रे सारखी असतात, हे लिहिणाऱ्याने झाकण कधी उघडले नसावे. मिनिटाला 2800 फेरे घेणारी मोटर आणि 1450 फेरे घेणारी मोटर दुकानात सारख्याच आवेशाने पाणी मारतात. फरक पुढे वापरात कळतो, कारण दुप्पट वेगाने फिरणाऱ्या पंपाची सीले त्या प्रमाणात लवकर झिजतात. क्रँकशाफ्टवर चालणारा, सिरॅमिक प्लंजरचा (दट्ट्याचा), पितळी हेडचा पंप महाग असतो आणि जड असतो, पण त्याची सीले बदलता येतात. स्वस्त पंपांपैकी अनेकांत संपूर्ण पंपच बदलावा लागतो.

तिसरे विधान तर धोक्याचे आहे. नोझलमधून निघालेले पाणी बारीक थेंबांत फुटते आणि हातभर अंतरातच बरेच निवते. जमिनीवर ते क्षणभर टेकते आणि वाहून जाते. तेवढ्यावर भिस्त ठेवून जंतुनाशक टाळणे म्हणजे रोगाला दार उघडे ठेवणे होय.

गोठ्यातला

आपले पहिले दोन मुद्दे मान्य आहेत, परंतु ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी होती तो आपण विचारलाच नाही. शेतकऱ्याला गरम पाणी मुळात हवे कशाला? मिनिटाला 10 लिटर पाणी 60 अंशांनी तापवायला जवळपास 42 किलोवॅट उष्णता लागते. एक लिटर डिझेल सुमारे 10 किलोवॅट-तास देते, आणि चिमणीतून जाणारी उष्णता धरली तर ताशी साडेचार ते पाच लिटर डिझेल जळते. एवढे डिझेल शेण धुण्यासाठी जाळायचे? शेण पाण्याने भिजवून अर्धा तास ठेवले की थंड झोताने निघते. आमच्या गोठ्यात इतकी वर्षे तेच चालू आहे आणि गाई तक्रार करत नाहीत.

दूध काढण्याच्या जागेत तर पहिल्याच फेरीला कडक पाणी मारणे चूक आहे, कारण दुधातले प्रथिन उष्णतेने पृष्ठभागाला चिकटते. आधी कोमट, 35 ते 45 अंशांचे पाणी, मग धुण्याचे द्रावण, असा क्रम आहे. गरम यंत्रवाल्यांना हे सांगितले की ते आपल्याकडे करुणेने बघतात.

काळी माती

दुधाचा क्रम बरोबर आहे आणि मी त्याविरुद्ध काही लिहिलेले नाही. पण शेती म्हणजे केवळ गोठा नव्हे. मळणी यंत्राच्या साखळ्यांवर, हायड्रॉलिक जोडांवर आणि इंजिनाच्या तळाशी ग्रीस, तेल आणि धूळ यांचा जो एकजीव थर बसतो, तो थंड पाण्याने नुसता पसरतो. गरम पाण्याने मऊ होऊन सुटतो आणि साबणही कमी लागतो. डिझेलच्या हिशेबात आपण गनचा खटका तासभर सलग दाबलेला धरला आहे. बर्नर पाणी वाहत असतानाच जळतो, आणि थंड पाण्याने लागणारा वेळ व मजुरी आपल्या हिशेबात कुठेच नाही.

जुना मिस्त्री

दोघांचेही वाचले. बार, लिटर, डिझेल, दूध सगळे आले. पाणी कोणते, हे कोणीही विचारले नाही. आयुष्यभर ही यंत्रे उघडत आलो आहे. माझ्याकडे येणाऱ्या गरम यंत्रांचा पंप क्वचितच मेलेला असतो, कॉइल, म्हणजे बर्नरवर पाणी तापवणारी गुंडाळलेली नळी, मेलेली असते. पाण्यातला चुना तापल्यावर विरघळलेला राहत नाही आणि साधारण 60 अंशांच्या पुढे तर तो झपाट्याने नळीला धरतो. थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळीचा धातू नुसता भाजत राहतो, वाट अरुंद होते, दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब टाकू लागतो, आणि मालक म्हणतो की व्हॉल्व्ह खराब निघाला. व्हॉल्व्ह बदलून देणारेही भेटतात.

जड पाणी असेल तर थर रोखणारे द्रावण सोडणारी टाकी असलेले यंत्र घ्यावे आणि ती टाकी रिकामी ठेवू नये. तिचा दिवा लुकलुकत असताना त्यावर चिकटपट्टी लावलेली यंत्रे मी पाहिली आहेत.

बोअरवाला

मिस्त्रीसाहेब, आपल्या धंद्याला हा मुद्दा सोयीचा आहे. माझ्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस 900 आहे. यंत्र कित्येक वर्षे चालू आहे, कॉइलला काही झालेले नाही आणि असल्या द्रावणाचा एक थेंबही मी कधी घातलेला नाही. मध्यंतरी सर्व्हिसिंगला आलेल्या एकाने यंत्र न उघडताच कॉइल गेल्याचे सांगितले होते. दुसऱ्याकडून पाहून घेतले तेव्हा डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी निघाले आणि फिल्टर बदलताच पाणी पूर्वीसारखे तापू लागले. तेव्हापासून कॉइल हा शब्द ऐकला की मी पाकीट घट्ट धरतो.

जुना मिस्त्री

आपल्याला कोणी फसवले असेल तर त्याचा राग माझ्यावर काढू नये. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार. काठिन्य म्हणजे त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. आपल्या 900 मध्ये मीठच जास्त असेल तर थर बसणार नाही, पण दुसऱ्याच्या 500 मध्ये चुना जास्त असेल तर त्याची कॉइल बुजेल. खिशातल्या टीडीएस मीटरला यातले काही कळत नाही. पाण्याचे काठिन्य लिटरला 300 मिलिग्रॅम असेल आणि ताशी 600 लिटर पाणी जात असेल, तर दर तासाला 180 ग्रॅम चुना कॉइलमधून प्रवास करतो. त्यातला थोडाच मुक्कामाला राहतो, पण राहिलेला उठत नाही. आपले यंत्र चालले म्हणून सगळ्यांची चालतील, हे अनुमान कोणत्या शाळेत शिकवतात?

शेडवाली

आपल्या दोघांच्या भांडणात मूळ प्रश्न बुडतो आहे, तरी माझे दोन शब्द. कोंबड्यांच्या शेडमध्ये दोन खेपांच्या मध्ये आम्ही आधी सगळा कोरडा कचरा खरवडून काढतो, मग फेस मारून भिजवतो, मग गरम पाण्याने धुतो, वाळू देतो आणि त्यानंतरच जंतुनाशक मारतो. घाण राहिली तर क्लोरीनसारखे जंतुनाशक त्या घाणीवरच खर्ची पडते, आणि ओल्या जमिनीवर मारले तर ते पातळ होते. त्यामुळे धागाकर्त्यांचा तिसरा मुद्दा बरोबर आहे, परंतु गोठ्यातले दादा म्हणतात तसे गरम पाणी निरर्थकही नाही, कारण जाळ्यांवरचा चरबीचा पापुद्रा थंड पाण्याने निघत नाही.

माझी खरी तक्रार धुराची आहे. डिझेल बर्नरचे यंत्र बंद शेडमध्ये नेऊ नये, कार्बन मोनॉक्साइड साचतो, हे विकताना आम्हाला कोणी सांगितले नाही. यंत्र बाहेर ठेवायचे तर पाइप लांब हवा, आणि लांब पाइपात उष्णता व दाब दोन्ही थोडे गळतात. विजेवर तापणारे यंत्र घ्यावे का, यावर जाणकारांनी लिहावे.

काळी माती

ताई, विजेचा हिशेब करून पाहा. घरगुती सिंगल फेजच्या 16 अँपिअरच्या जोडणीतून साडेतीन-पावणेचार किलोवॅट मिळतात. पंपाची मोटर बाजूला ठेवून ते सगळे तापवण्यात घातले, तरी मिनिटाला 10 लिटर पाणी जेमतेम 5 अंशांनी तापेल. वाहते पाणी विजेवर तापवायचे तर थ्री फेजची दमदार जोडणी हवी, किंवा आधी पाणी साठवून तापवणारे यंत्र हवे. ते साठा संपला की थांबते. आधीच तापलेले पाणी साध्या थंड यंत्राला जोडण्याचा मार्गही काही जण सुचवतात; त्याआधी पंपाची मर्यादा वाचावी, कारण अनेक पंपांची सीले 40 किंवा 60 अंशांपुढचे पाणी सहन करत नाहीत. आपल्यासाठी लांब पाइप आणि बाहेर ठेवलेला डिझेल बर्नर हाच पर्याय मला योग्य वाटतो.

आता कृपया चुन्याचा विषय थांबवून पंपाकडे यावे.

बोअरवाला

थांबवतो, पण एवढे लिहून. थर बसलाच तर घरच्या घरी काढता येतो. बाजारात मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात मिसळून यंत्राच्या पाण्याच्या टाकीत ओतावे, यंत्र चालू करावे, गनमधून फेस येऊन थांबला की काम झाले. त्यासाठी मिस्त्रीची गरज नाही.

जुना मिस्त्री

हे वाचून कोणी तसे करू नये, म्हणून लिहिणे भाग आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल चुना खाते आणि चुना संपला की कॉइलचे पोलाद खायला लागते. वाटेत पंप आहे, त्याची पितळ आणि रबरही त्याच्या तावडीत सापडतात. दाबाखाली आम्लाचा तुषार डोळ्यात गेला तर काय होईल, हे सांगायला नको. फेस थांबला म्हणजे थर संपला असेही नाही. आम्ल संपले तरी फेस थांबतो.

रीत अशी: कॉइलचे दोन्ही जोड पंपापासून सोडवावेत, छोट्या प्लास्टिकच्या पंपाने सल्फॅमिक किंवा सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण बादलीतून कॉइलमध्ये आणि पुन्हा बादलीत असे फिरवत ठेवावे. फेस मंदावला की बादलीत थोडे ताजे द्रावण घालून पाहावे. पुन्हा फसफसले तर थर शिल्लक आहे. शेवटी खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्याने उदासीन करून स्वच्छ पाणी सोडावे. जवळपास क्लोरीनचे जंतुनाशक असेल तर आधी ते उचलावे, कारण आम्लाशी त्याची गाठ पडली की विषारी वायू निघतो. एवढे सांगूनही कोणाला टाकीतच आम्ल ओतायचे असेल, तर यंत्र त्याचे, डोळे त्याचे.

बोअरवाला

भाषा जरा जपून वापरावी. मी इथे कोणाचा नोकर नाही. जोड सोडवून आम्ल फिरवण्याची रीत माझ्यापेक्षा बरी आहे हे मी समजू शकतो, पण ती आपण आधीच लिहिली असती तर मला तोंड उघडावे लागले नसते.

गोठ्यातला

एकूण निष्पन्न असे, की ताशी पाच लिटर डिझेल जाळावे, चुना रोखायला द्रावण घालावे, तरीही बसलेला चुना काढायला आम्ल फिरवावे आणि एवढे सोपस्कार करून झाल्यावर जंतुनाशक मारावेच. अभिनंदन. मळणी यंत्राच्या साखळीचा मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. त्यासाठी हंगामातून एकदा शेजाऱ्याचे यंत्र मागून आणेन, विकत घेणार नाही.

काळी माती

शेजाऱ्याच्या यंत्रावर आपण अवलंबून राहणार असाल तर ते टिकाऊ असण्यात आपलाही स्वार्थ आहे, त्यामुळे परत देण्यापूर्वी पंपाच्या ऑइलची काच पाहत जावी. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरते आहे आणि सील संपले आहे. खटका सोडून, यंत्र चालूच ठेवून गप्पा मारत उभे राहू नये. तेच पाणी पंपात फिरून तापते आणि सीले त्यातच जातात. पाणी पुरवणारा पाइपही बारीक नसावा, नाहीतर पंपाला पाणी कमी पडते आणि तो आतून खडखडतो.

घेणाऱ्यांसाठी माझे मत बदललेले नाही: 150 ते 200 बार, मिनिटाला 10 लिटरच्या वर पाणी, 1450 फेऱ्यांची मोटर, पितळी हेड, फ्लो स्विच (पाणी थांबले की बर्नर बंद करणारा) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. मिस्त्रींच्या आग्रहास्तव त्यात द्रावणाच्या टाकीची भर घालतो. आणि विक्रेत्याला पैसे देण्याआधी सीलचा संच, बर्नरचे नोझल आणि ज्योत पाहणारा फोटोसेल त्याच्या कपाटातून काढून दाखवायला सांगावे. मागवून देतो, असे उत्तर आले तर हंगामात यंत्र किती दिवस उभे राहील याचा अंदाज तिथेच येतो.

शेडवाली

तापमान किती ठेवावे, हे शेवटी कोणी लिहिलेच नाही. विकणाऱ्याने 90 वर ठेवायला सांगितले आहे.

जुना मिस्त्री

ताई, चरबी आणि ग्रीससाठी बहुतेक वेळा 60 अंश पुरतात. डिझेल वाचते आणि चुनाही कमी बसतो. फारच कडक ग्रीस असेल तेवढ्यापुरते वाढवावे. धुराड्यातून पांढरा धूर आला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, ठिणगी टाकणारे इलेक्ट्रोड पाहावे. काळा आला तर हवा कमी पडते आहे.

बोअरवाला

मी पाण्याचा नमुना काठिन्य तपासायला देतो आहे. आकडा कमी आला तर इथेच येऊन लिहीन, आणि मिस्त्रीसाहेबांनी ते वाचावे.

जुना मिस्त्री

जरूर वाचेन. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी, आणि पंप थोडा वेळ चालू झाल्यावरचे पाणी घ्यावे, टाकीतले नको. आकडा 200 च्या वर आला तरी लिहावे.