कोतवाल : 'ट'चा 'त' कुठे झाला?

भाच्याने चोपड्याहून फोन केला. "मामा, कोतवाल म्हंजे पोलीस शे का?" कोतवाल भरतीची जाहिरात त्याच्या हाती लागली होती आणि पात्रता चौथी पास पाहून गडी चक्रावला होता. हिंदी मालिकांतला कोतवाल घोड्यावरून शहरभर दरारा बसवतो. आपल्या तापीकाठचा कोतवाल तलाठी अप्पांच्या नोटिसा घरोघर पोचवतो, दवंडी देतो, साहेब आले की खुर्च्या मांडतो.

शब्द मात्र एकच. संस्कृतात 'कोट्टपाल', म्हणजे कोटाचा राखणदार. ग्वाल्हेर किल्ल्यावर इ.स. 876 चा शिलालेख आहे, त्यात अल्ल नावाचा कोट्टपाल भेटतो. (शून्याच्या आकड्यासाठी गाजलेला शिलालेख तो हाच.)

आता गंमत पाहा. 'कपाट'चं कवाड झालं, 'दीप'चा दिवा झाला, तसा 'पाल'चा 'वाल' होणं रीतसरच. पण मराठीने हा शब्द थेट घेतला असता तर 'काल'चा काळ, 'फल'चं फळ झालं तसा शेवटी ळ यायला हवा होता, आणि कोटातला ट जागेवर राहायला हवा होता. म्हणजे आपण 'कोटवाळ' म्हटलं असतं. फारसीत ट नाही, ळही नाही. शब्द तिकडे जाऊन, 'कोतवाल' होऊन, दरबारी पोशाखात घरी परतला. कोटावरून लोक त्याचा अर्थ लावतात ते बरोबरच आहे, फक्त मधला मुक्काम विसरतात.

मुघलांच्या कारभारात हा शहराचा मोठा अधिकारी. रात्रीची गस्त, बाजारातली वजनं-मापं, बेवारस माल, सगळं त्याच्याकडे. पेशव्यांच्या पुण्यात घाशीराम कोतवालाचा जाच इतका झाला की 1791 मध्ये लोकांनीच त्याला दगडांनी ठेचलं. तिथून घसरत घसरत पद गावच्या शिपायापर्यंत आलं. हल्ली सरकारने 'महसूल सेवक' असं नवं नाव दिलंय. तलाठ्याचाही 2024 मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झाला. माझ्या मते ही नावं पाटीवर शोभतील, तोंडात बसायची नाहीत.

जुना अर्थ जपला तो पाखराने. कपाशीच्या शेतात तारेवर, नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसणारा, दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल. घरट्याजवळ घार आली तरी तिच्या मागे लागून हुसकावतो, म्हणून होले-बुलबुल त्याच्याच झाडावर घरटी बांधतात. खरा कोट्टपाल!

भाच्याला एवढं सांगितलं तर म्हणतो, "ते ठीक शे मामा, अर्ज करू का नको?" कर म्हटलं. यावल-रावेरकडे किंवा नंदुरबारच्या बाजूला या पाखराला आणखी काय म्हणतात, कुणी सांगेल का?