शब्दचर्चा: बर्फ एकच, अवजारं छप्पन्न

कारवी:
आमच्या गटातली अकरा जणं फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाली आहेत. चार-पाच जण अकोले-संगमनेरकडचे. रतनगड, अलंग पाठ आहेत, पण बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसातला. साधनांची माहिती मराठीत चार पानांत लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि पहिल्याच ओळीला अडकले. इंग्रजीत स्नो वेगळा, आइस वेगळा, आणि दोन्हींवर चालायची साधनंही वेगळी. आपल्याकडे दोन्ही बर्फच. स्नोला ‘हिम’ आणि आइसला ‘बर्फ’ असं ठरवून टाकू का?

शब्दपाखड्या:
गंमत म्हणजे बर्फ हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत त्याचा अर्थ स्नो! आइसला त्यांच्याकडे ‘यख’ म्हणतात. आपण शब्द घेतला, पण आकाशातून पडणारा बर्फ घ्यायला हवामान कुठे होतं? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून जहाजाने मुंबईत बर्फ यायचा तो लाद्यांचा. पुढे कारखान्यातून आला तोही लादीचाच. त्यामुळे मराठी कानाला बर्फ म्हणजे कडक, पारदर्शक, भुशात गुंडाळलेला. तुमची वाटणी शब्दाच्या मूळ अर्थाच्या उलटी आहे, पण मराठी वापराला धरून आहे. मला चालेल.

जुना दोर:
मला नाही चालणार. हिमवर्षाव, हिमशिखर असं जोडशब्दात ‘हिम’ शोभतं. एकटं ‘हिम’ कोणी बोलतं का? ‘हिमात पाय रुतला’ असं मी चाळीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. भुसभुशीत बर्फ, घट्ट बर्फ, काचेसारखा बर्फ असं लिही. विशेषण लावलं की काम होतं. पाय कुठे रुतेल आणि कुठे सटकेल हे त्या पोरांना कळलं पाहिजे.

कारवी:
काका, पटलं. काचबर्फ हा एक शब्द मात्र ठेवते, तो आवडला. पुढचा प्रश्न क्रॅम्पॉन. ‘खिळेजोडा’ लिहिलं तर हसाल का?

जुना दोर:
हसणार. जोडा वेगळा, क्रॅम्पॉन वेगळा. तो जोड्याच्या तळाला बांधायचा काट्यांचा सांगाडा. पण खरा घोटाळा नावाचा नाही. उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला बर्फात जाऊन आलेला प्रत्येक जण ‘आम्ही क्रॅम्पॉन घातले’ म्हणतो. त्याने घातलेल्या असतात रबरी पट्ट्याच्या साखळ्या आणि त्यांना छोटे दात. ते मायक्रोस्पाइक. मळलेल्या, जरा घट्ट वाटेवर ठीक. उतार उभा झाला की त्या दातांचा काही उपयोग नाही.
खऱ्या क्रॅम्पॉनची गोष्ट वेगळी. १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेनश्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने दहा काट्यांचा नमुना काढला आणि इटलीत कुर्मायरच्या ग्रिव्हेल या लोहारांच्या घराण्याने तो घडवला. १९२९ मध्ये त्याच घरातल्या लॉरां ग्रिव्हेलने पुढे तोंड केलेले दोन काटे जोडले. त्याआधी उभ्या बर्फावर कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत जावं लागे. पुढचे काटे आले आणि माणूस भिंतीला तोंड करून, बुटाचं टोक हाणत वर जायला लागला. आता तुझ्या ‘खिळेजोड्या’त हे सगळं कुठे दिसतं?

भटकभवानी:
काका, तसं ‘क्रॅम्पॉन’मध्ये तरी कुठे दिसतं? फ्रेंच शब्द, म्हणजे आकडा किंवा पकड. माझं मत: वस्तूचं नाव दुकानात विचारायचं असतं, ते जसं आहे तसं ठेवा. मराठी लागते ती क्रियेला. क्रॅम्पॉनखाली ओला बर्फ साचून गोळा होतो आणि काटे जमिनीला टेकतच नाहीत, हे कसं सांगणार? तो गोळा बसू नये म्हणून आता तळाला रबर-प्लॅस्टिकची लवचीक पाटी लावतात. ‘हिमसंचयरोधक पट्टिका’ लिहिलंत तर पोरं पान उलटतील.

कारवी:
‘बुटाखाली लाडू वळला जातो’ असं लिहिलंय.

भटकभवानी:
झालं तर मग! पावसाळ्यात शेतातून चालताना चिखलाचे लाडू सगळ्यांनी बुटाखाली वागवलेत. तेच आहे. आणि उपायही तोच, कुऱ्हाडीच्या दांड्याने बुटाला टोला.

इन्सब्रुककर:
इथे आल्प्समध्ये सहा वर्षं राहतोय, म्हणून एका शब्दाची भर घालतो. स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या असतात. इंग्रजीत ‘स्किन’, जर्मनमध्ये ‘फेल’, म्हणजे केसांसकट कातडं. पूर्वी सीलचं कातडं वापरत, त्यावरून नाव. आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर), नायलॉन किंवा दोन्हींचं मिश्रण. केस सगळे एका बाजूला झोपलेले. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर अडतो, अगदी तसं. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही, म्हणून माणूस स्कीवरून चक्क डोंगर चढतो. वर पोचला की पट्ट्या ओढून काढायच्या, जाकिटात कोंबायच्या आणि खाली सुटायचं. मिलान-कोर्तिना २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा चढ-उताराचा खेळ पहिल्यांदा आला. तिथे पट्ट्या उपटण्याची घाई बघण्यासारखी असते, सेकंदांचा हिशेब. याला मराठी शब्द सुचवा की कुणीतरी.

शब्दपाखड्या:
अंगावरच्या बारीक केसांना ‘लव’ म्हणतात. लवपट्टी!

भटकभवानी:
फेब्रुवारीत गुलमर्ग आणि लवपट्टी. चौदा तारखेला विकायला ठेवा.

शब्दपाखड्या:
चेष्टा करा, पण शब्द चांगला आहे.

कारवी:
आहेच. पानात घेतला. या वर्षी आमच्या कुणाला लागणार नाही, तरी घेतला.
आता मूळ क्रियापद. स्कीइंगला ‘घसरणे’ म्हणवत नाही. घसरला म्हणजे पडला. आपण मुद्दाम घसरत नाही.

जुना दोर:
घसरगुंडी मुद्दामच खेळतात ना? पण खरं आहे, घसरण्यात ताबा नसतो. ‘घसारा’ शब्द बघ. मुरमाड उतार, पाय ठेवला की निघालाच. तो कुठल्या समितीने दिला नाही, भटक्यांच्या तोंडी बसला आणि आता इंग्रजी शब्द कुणाला आठवतही नाही. ‘दृष्टिभय’ही तसाच. खाली दरी दिसली की पोटात गोळा येतो त्याला इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे. बर्फातले शब्द असेच यायला आपली चार पोरं तरी दर वर्षी बर्फात राहिली पाहिजेत. तोवर ‘स्की करणे’ लिही.

इन्सब्रुककर:
वळण्यासाठी मात्र मराठी क्रियापद हवं. आधीच्या स्की जवळजवळ सरळ पट्ट्यांसारख्या. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीची एससीएक्स ही स्की आली, टोकांना रुंद आणि कमरेत बारीक. डमरू लांब ताणावा तशी. अशी स्की कडेवर कलती केली की ती स्वतःच गोलाईत वळते, शेपूट फरफटवावी लागत नाही. त्याला कार्व्हिंग म्हणतात. बर्फावर मागे दोन बारीक, स्वच्छ रेघा उमटतात. ‘कोरत जाणे’ म्हणता येईल?

कारवी:
‘स्की कडेवर घे, वळण कोरलं जाईल.’ छान बसतंय. ‘कडेवर घे’ वाचून कुणी स्की कमरेवर घेऊ नये म्हणजे झालं. ‘कडेवर कलती कर’ लिहिते.

भटकभवानी:
जाकिटाचं काय केलंस? ‘ब्रीदेबल’ला मी एका जाहिरातीत ‘श्वसनशील’ वाचलं आणि जाकीट नाकाने श्वास घेतंय असं वाटलं.

कारवी:
‘घामाची वाफ बाहेर सोडणारं’ असं सरळ लिहिलंय. बॉब गोर याने १९६९ मध्ये टेफ्लॉनची कांडी हिसका देऊन ताणली आणि त्यातून जाकिटाच्या आत लावतात तो सूक्ष्म छिद्रांचा पडदा निघाला, ती गोष्टही घातली. पण अडले ते बाहेरच्या थरापाशी. कापडावर एक लेप असतो, त्याने थेंब गोळा होऊन ओघळतात.

शब्दपाखड्या:
अळवावरचं पाणी!

कारवी:
अगदी! आणि लेप उडाला की कापड पाणी पितं. आतला पडदा शाबूत असतो, पण ओल्या कापडातून वाफ जात नाही, घाम आतच साचतो आणि लोक म्हणतात जाकीट गळतंय. नव्या जाकिटांत हे जास्त जाणवतं. लेपातली फ्लोरिनची ‘कायमची रसायनं’ शरीरात आणि पाण्यात साठून राहतात, म्हणून आता ती काढून टाकताहेत. त्यांच्याशिवायचा लेप पाणी झटकतो, पण तेल नाही. अंगाचं तेलकटपण, धूर लागला की अळू संपलं. म्हणून जाकीट वेळच्या वेळी धुवायचं, लेबल बघून हलकी ऊब द्यायची. आपल्याकडे ‘महागाचं आहे, धुऊ नकोस’ ही आईची शिकवण! इथे ती उलटी.

इन्सब्रुककर:
हिमस्खलनाची साधनं घेतलीत का? गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे दोरावरच्या पाळण्याचा, वरचा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. आखलेल्या उतारांबाहेर गेलं की तो रानडोंगर आहे.

कारवी:
ही पोरं खालच्या सोप्या उतारावरच असतील, तरी दोन परिच्छेद लिहिलेत. बीकन, म्हणजे गाडलेल्याला शोधायचं अंगावरचं रेडिओ-यंत्र. त्याच्या दोन अवस्थांना मी ‘हाक’ आणि ‘कान’ म्हटलंय. चालताना सगळ्यांचं यंत्र हाक मारत राहतं, ४५७ किलोहर्ट्झवर. कुणी गाडलं गेलं की उरलेले आपापलं यंत्र कानावर टाकतात.

जुना दोर:
समजावण्याची कल्पना फर्मास. पण यंत्रावर ‘सेंड’ आणि ‘सर्च’ असतं. माणूस बर्फाखाली आहे, पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी, हात थरथरताहेत, आणि हा ‘कान’ शोधत बसणार? तिथे पडद्यावरचाच शब्द. एकानेही यंत्र ‘सेंड’वर विसरलं तर बाकीचे त्याच्याच मागे लागतील.

कारवी:
मान्य. ‘सेंड म्हणजे हाक, सर्च म्हणजे कान’ असं एकदा सांगून पुढे सगळीकडे सेंड-सर्चच. आणि एअरबॅग, ती पाठपिशवीतली फुगणारी पिशवी? सगळीकडे लिहिलेलं असतं की ती तुम्हाला बर्फावर ‘तरंगवते’.

इन्सब्रुककर:
ते क्रियापद चुकीचं. वाहता बर्फ म्हणजे पाणी नव्हे, लहानमोठ्या ढेकळांचा लोट. हलवलेल्या ढिगात मोठे तुकडे वर येतात, बारीक खाली जातात. दीडशे लिटरची पिशवी फुगली की माणूस मोठा तुकडा होतो, एवढंच. लोट थांबला की वर येणंही थांबलं. आधी ती वायूच्या नळकांड्याने फुगायची आणि विमानात नेताना कटकट व्हायची. आता विजेच्या पंख्याचीही मिळते.

भटकभवानी:
चिवड्याचा डबा! तीळ, मीठ, मसाला तळाला, खोबऱ्याचे काप वर.

कारवी:
घेतलं. शेवटचं, कॅराबिनर, दोर अडकवायचं झडपेचं कडं. हिमकुऱ्हाड रूढ आहे, तसं काही?

शब्दपाखड्या:
याला भाषांतर नकोच, तो घरचाच आहे. जर्मन ‘काराबिनर’ म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक पट्ट्याला अडकवायचा आकडा. १९१० च्या सुमारास म्युनिकच्या ओट्टो हेर्त्सोग या गिर्यारोहकाने तो आकडा कड्यावर आणला. आणि ती बंदूक आपल्या जुन्या मराठीत ‘कराबीन’, ‘कडाबीन’ म्हणून आहेच.

जुना दोर:
म्हणजे मी इतकी वर्षं कमरेला कडाबिनीचे आकडे लटकवून हिंडतोय. आम्ही नुसतं ‘बिनर’ म्हणायचो. कड्यावर ओरडताना तेवढाच वेळ असतो. तसंच ‘ढील दे’. ते पतंगाचं, पण दोरावर चालतं. आणि ‘दगड!’

कारवी:
काकांच्या हुकमाने पहिलं पान असं झालंय, बघा:
‘भुसभुशीत बर्फात पाय रुततो, काचबर्फावर सटकतो. क्रॅम्पॉन काचबर्फासाठी. बुटाखाली लाडू वळला की थांबा, कुऱ्हाडीच्या दांड्याने टोला मारा, मगच पुढचं पाऊल. जाकिटावरचं पाणी अळवासारखं ओघळेनासं झालं तर परत आल्यावर धुवा, कपाटात टाकू नका.’

जुना दोर:
‘टोला मारा’च्या आधी ‘दुसरा पाय पक्का रोवून’ घाल.