सीता अशोकाच्या बिया साठवाव्यात कशा?

कर्वेनगरकर:
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या आवारात सीता अशोकाचे जुने झाड आहे. औषधासाठी साल ओरबाडली गेल्यामुळे ही जात रानातून विरळ होत चालली आहे, म्हणून तिची रोपे करून वाटावीत असा विचार होता. गेल्या जूनमध्ये ४२ बिया मिळाल्या. भोपळ्याच्या बियांप्रमाणेच त्या चार दिवस गच्चीवर उन्हात वाळवल्या, राखेत घोळवून बरणीत भरल्या आणि फ्रिजमध्ये ठेवून सप्टेंबरात पेरल्या. एकही रुजली नाही. उरलेली एक बी कापली, तर आतला गर तपकिरी होऊन सालीपासून सुटलेला होता. माझे नेमके काय चुकले?

रानमेवा:
आपण काळजी घेतलीत, पण ती या बीला मानवणारी नव्हती. भोपळा, बाभूळ, बहावा यांच्या बिया पिकतानाच आपले पाणी कमी करतात आणि जणू झोपी जातात. बियाणे पेढ्यांत अशा बिया ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून उणे १८ ते २० अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकवतात. आंबा, फणस, जांभूळ आणि सीता अशोक यांच्या बिया मात्र झाडावरून पडताना ओल्या व जाग्याच असतात, रुजण्याची तयारी आत चालूच असते, आणि पाणी ठरावीक पातळीखाली गेले की पेशींची आवरणे फाटतात. एवढे झाल्यावर त्यांना कितीही पाणी घातले तरी उपयोग नसतो. आपल्या बिया बहुधा फ्रिजमध्ये जाण्यापूर्वीच, गच्चीवर मेल्या असाव्यात. त्या ओल्याच फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या, तरी उष्ण प्रदेशातल्या अशा पुष्कळ बियांना ती थंडी सोसत नाही.

टेकडीवाली:
माझ्या मते साठवणुकीचा हट्टच सोडावा. शेंग काळपट होऊन तडकू लागली की बिया काढाव्यात आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सावलीत आडव्या पेराव्यात. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून उंच पिशवी घ्यावी. काही दिवस थांबणे भागच असेल, तर पिळून ओलसर केलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून, भोके पाडलेल्या पिशवीत, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवाव्यात. पिशवी हवाबंद केली की बुरशी धरते. ठेवताना २० बियांचे वजन पिशवीवर लिहावे आणि दर दोन दिवसांनी पुन्हा करावे; वजन उतरले म्हणजे बी वाळते आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत वजन किती भराभर उतरते, ते पाहून मी स्वतः चकित झाले होते.

रानमेवा:
वजनाची सूचना उत्तम. अशा बियांमधला भ्रूण काढून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याचे तंत्र आहे, पण ते प्रयोगशाळेचे काम. आपल्यासाठी झाडांची वाढती संख्या हीच साठवण. मात्र सगळी रोपे एकाच झाडाच्या बियांची असली, तर पुढची पिढी एकमेकांच्या नात्यातली होते. म्हणून वेगवेगळ्या बागांतल्या झाडांखालच्या बिया, संबंधितांची परवानगी घेऊन, गोळा कराव्यात आणि प्रत्येक पिशवीवर मूळ झाडाची नोंद ठेवावी. बी मागताना ‘सीता अशोक’ असेच म्हणावे. नुसते ‘अशोक’ म्हटले, तर पुष्कळदा कुंपणालगत लावतात त्या उंच, सरळसोट झाडाचे बी हाती पडते.

कर्वेनगरकर:
मनापासून आभार. यंदाही झाडावर शेंगा धरल्या आहेत, अजून हिरव्या आहेत. आजच उंच पिशव्या आणि कोकोपीट आणून ठेवतो. शेंगा काळ्या पडू लागल्या की रोज सकाळी झाडाखाली जाईन.